करंडकानंतरची पाच वर्षं

भारतीय फुटबॉलच्या गतवैभवाची उजळणी सुरू झाली की १९५१ आणि १९६२ ची एशियाडमधली सुवर्णपदकं निघतात, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधलं चौथं स्थान निघतं आणि मग कुणीतरी १९७४ चा उल्लेख करतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या पोरांनी इराणला २-२ असं रोखलं आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. हे यश खरं आहे आणि मोठं आहे. पण ‘आपल्यातही दम होता’ याचा दाखला म्हणून ते वापरलं जातं, तेव्हा चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवलं जातं असं मला वाटतं. या स्पर्धेचा सहा दशकांहून मोठा इतिहास वेगळंच सांगतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी जिंकलेल्या करंडकाची किंमत अंतिम सामन्यात ठरत नाही. पुढच्या पाच वर्षांत देश त्या मुलांना किती आणि कसे सामने देतो, त्यावर ती ठरते.

ही स्पर्धा सुरू झाली १९५९ मध्ये क्वालालंपूरला. मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान तेव्हा आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आणि फुटबॉलवर त्यांचा मनापासून जीव होता. स्पर्धा दरवर्षी भरायची. निकाल लागेपर्यंत ताणण्याचा आग्रह नसल्यामुळे पहिल्या वीस वर्षांत नऊ वेळा विजेतेपद विभागून दिलं गेलं. या काळातला सर्वांत लक्षणीय संघ होता ब्रह्मदेशाचा. १९६१ ते १९७० या दहा वर्षांत त्यांनी सात वेळा, कधी एकट्याने तर कधी विभागून, हे विजेतेपद मिळवलं. ती पिढी वाया गेली नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. १९६६ आणि १९७० अशा दोन्ही एशियाडमध्ये ब्रह्मदेशाला सुवर्णपदक मिळालं आणि १९६८ च्या आशिया चषकात ते उपविजेते ठरले. म्हणजे कुमारांचं यश वरच्या संघात उतरू शकतं, याचा पुरावा आशियात सगळ्यांत आधी आपल्या या शेजाऱ्याने दिला. पुढे लष्करी राजवटीत देश जगापासून तुटत गेला, आणि विश्वचषकाची मुख्य फेरी ब्रह्मदेशाने आजवर पाहिलेली नाही. सात करंडक होते तसेच राहिले. त्यांच्या मागे मुलं घडवणारं जे होतं, ते टिकलं नाही.

दक्षिण कोरियाने ही स्पर्धा सर्वाधिक, बारा वेळा जिंकली आहे. त्यातलं १९८२ चं विजेतेपद मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फिफाची जागतिक युवा स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाल्यापासून आशियाई स्पर्धा हा तिथे जाण्याचा दरवाजा बनला होता. त्यातून कोरियाची मुलं १९८३ मध्ये मेक्सिकोला गेली आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी कोरियात व्यावसायिक लीग सुरू झाली. परत आलेल्या मुलांना आठवड्यामागून आठवडा खेळायला मैदान मिळालं. त्या संघातल्या किम जोंग-बूने १९८६ च्या विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध गोल केला आणि तेव्हापासून कोरिया एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही. जपानची कथा तर याहून बोलकी आहे. सहा वेळा अंतिम सामना हरल्यानंतर २०१६ मध्ये त्यांना पहिला युवा करंडक मिळाला. तोवर ते सलग पाच विश्वचषक खेळून मोकळे झाले होते, कारण १९९३ पासून त्यांची जे-लीग चालू होती. २०१६ च्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू रित्सू दोआन याने सहा वर्षांनी कतारमध्ये जर्मनी आणि स्पेन या दोघांविरुद्ध गोल केले.

आता १९७४ कडे परत येऊ. भारतात राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये, म्हणजे त्या विजयानंतर बावीस वर्षांनी. तोवर कोलकाता, मुंबई, गोवा इथल्या स्थानिक लीग होत्या आणि ड्युरंड, रोव्हर्स अशा बाद फेरीच्या स्पर्धा. हरलात की घरी. शब्बीर अली स्वतःच्या गुणांवर मोठा झाला, राष्ट्रीय संघाकडून दीर्घकाळ खेळला, पुढे प्रशिक्षक म्हणून १९९८-९९ मध्ये गोव्याच्या साळगावकर संघाला त्याने राष्ट्रीय लीग जिंकून दिली. एक माणूस असा तरून जातो. अख्ख्या पिढीचं तसं होत नाही. १९७० च्या एशियाडमध्ये भारताला कांस्यपदक मिळालं होतं. ते फुटबॉलमधलं आपलं अखेरचं एशियाड पदक. युवा विजेतेपद त्याच्या नंतर चार वर्षांनी आलं, तरीही घसरण थांबली नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. वयाचे दाखले तेव्हा आशियाभर भरवशाचे नव्हते, कोण खरोखर किती वर्षांचा होता हे कुणी सांगावं, मग अशा निकालांवरून निष्कर्ष काढायचे कशाला? आक्षेप मान्य केला तरी तो माझ्याच बाजूने जातो. करंडक जर वयाच्या घोळामुळेही मिळू शकत असेल, तर मोजमाप करंडकाचं न करता नंतरच्या वर्षांचंच करायला हवं. दुसरा आक्षेप असा की कोरिया आणि जपान श्रीमंत देश, त्यांची बरोबरी आपण कशी करणार. त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपण अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून हरलो. पण त्यातल्या बऱ्याच मुलांना भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ या संघात एकत्र ठेवून आय-लीगमध्ये उतरवलं. परदेशी खेळाडू नाहीत, समोर मोठी माणसं, आणि पराभव भरपूर. जीक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अन्वर अली, रहीम अली हे सगळे त्या तुकडीतून वरिष्ठ राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचले. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही ॲरोजमधून पुढे इंडियन सुपर लीगमध्ये गेला. विश्वचषकात एकही सामना न जिंकलेल्या तुकडीने देशाला एवढं दिलं.

तो संघ २०२२ मध्ये बंद करण्यात आला. क्लबांच्या युवा संघांसाठी वेगळ्या स्पर्धा आहेत, आता ॲरोजची गरज काय, असा युक्तिवाद त्यामागे होता. तो मला पटलेला नाही. समवयस्कांशी मोजके सामने खेळणं आणि हंगामभर अनुभवी बचावपटूंच्या खांद्याला खांदा भिडवणं यांत फार अंतर आहे. आणि २०२५ मध्ये तर सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. ॲरोज बंद झाला नेमक्या त्याच २०२२ मध्ये उझबेकिस्तानने उलट पाऊल टाकलं होतं. आपल्या तरुण खेळाडूंचा ‘ऑलिंपिक’ नावाचा संघ त्यांनी देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळवला. २०२३ मध्ये ताश्कंदला त्यांनी इराकला १-० ने हरवून पहिल्यांदा आशियाई युवा करंडक जिंकला, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला पोहोचले आणि जून २०२५ मध्ये इतिहासात प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरले.