पडद्यावरची वही

पडद्याची जादू नाशिककरांना नवी नाही. जवळच्याच त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. आज आमच्या वर्गातही लहानसा पडदा आहे, तो संगणकाचा. वाय-फायमुळे मोबाइलमधले चित्र तारेशिवाय त्यावर उमटते. मी शेवटच्या बाकापर्यंत जातो, एखाद्या वहीवर मोबाइल धरतो आणि ती वही सारा वर्ग पाहतो.

सोय चांगलीच आहे. पण चुकलेले गणित पडद्यावर आले, की मुले हसतात आणि त्या मुलाची मान खाली जाते. म्हणून माझ्या मते, आधी मुलाची परवानगी घ्यावी, वहीवरचे नाव झाकावे. चूक सर्वांना दिसावी. चुकणारा दिसू नये.