भाड्यासाठी नवा फ्लॅट की आधी जुने घर?

३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉरवर मेट्रो धावू लागली आणि इंदुरात जमिनीच्या गप्पांना पुन्हा ऊत आला. टीसीएस आणि इन्फोसिस तिथे आधीपासून आहेतच. निवृत्तीचे पैसे हाती आलेले, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला; अशा वेळी ‘एक फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ, पेन्शनला जोड होईल’ असा विचार आपल्या बऱ्याच घरांत चाललेला असतो. विचार वाईट नाही, पण आधी हिशेब मांडू.

समजा फ्लॅट ६० लाखांचा आणि भाडे महिना १५ हजार. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार, म्हणजे ३ टक्के. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामे राहिले तर १५ हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २ हजार धरला तर २४ हजार, मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्तीचे ८ हजार. उरले १ लाख ३३ हजार, म्हणजे सव्वादोन टक्क्यांहूनही थोडे कमी. रजिस्ट्रीचा खर्च यात धरलेलाच नाही. मुदत ठेव याहून जास्त देते, आणि गीझर बिघडला म्हणून रात्री फोन करत नाही! ४८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता ४१ हजारांच्या वर जातो. तेव्हा असा फ्लॅट घेणारा खरे तर भाड्यावर नाही, किंमत वाढण्यावर पैसे लावत असतो. ते लावायचे तर जाणूनबुजून लावावेत.

प्लॉटच्या बाबतीत एकच सांगतो. रेरात नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात किंवा बुकिंग नोंदणीआधी करताच येत नाही, आणि नोंदणीकृत करारावाचून १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘डायरीवर’ प्लॉट देणाऱ्याला दुरून नमस्कार करावा.

आमच्या मते आपल्यापैकी अनेकांचा मोठा ठेवा नव्या फ्लॅटमध्ये नाही, रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा भागांतल्या जुन्या घरांत आहे. वरचा मजला नीट करून भाड्याने दिला तर जमिनीसाठी नवा पैसा लागत नाही. भंवरकुआंच्या आसपास शिकवण्यांसाठी येणाऱ्या मुलांना खोल्या कायम हव्याच असतात. फक्त पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला आणि लेखी करार करायला आळस नको. इथे करार ११ महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. पुण्यातल्या फ्लॅटला मात्र हा इंदुरी हिशेब लावू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार भाड्याचा प्रत्येक करार नोंदवायचा असतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाचे.

बिल्डर दारी आला की मात्र जपून. तो म्हणतो, घर द्या, दोन फ्लॅट घ्या. पण कागदावर अजून आजोबांचेच नाव असते. आधी नामांतरण. बहिणींच्या सह्या ‘नंतर घेऊ’ म्हणून चालत नाही: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः हक्क मिळाला आहे, आणि तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. खाली जुना दुकानदार भाडेकरू असेल तर मध्य प्रदेशचा १९६१ चा कायदा आडवा येतो. मात्र विधवा, अपंग आणि निवृत्त सरकारी कर्मचारी यांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा हवी असेल, तर त्याच कायद्यात भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे जाण्याची वेगळी वाट आहे. ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट बिल्डर सांगत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ५,३८० चौरस फुटांपर्यंत असेल, किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर रेरात नोंदणी लागत नाही. आपले बहुतेक प्लॉट यातच बसतात. मग आधार उरतो तो फक्त कराराचा. काम कधी पुरे होणार, तोवरचे भाडे कोण देणार, उशीर झाला तर महिन्याला किती भरपाई, कोणत्या मजल्यावरचा कोणता फ्लॅट आपला, हे सगळे त्यात हवे. सरसकट मुखत्यारपत्र देऊ नये. करार नोंदणीकृत असेल तर व्यक्तीला भांडवली नफ्यावरचा कर इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो. आपला वाटा त्याआधी विकला तर ही सवलत जाते. जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, म्हणून त्या तारखेचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून बोलणी सुरू होण्याआधीच करून घ्यावे.