आजोबांचं संत्र्याचं झाड आणि मैत्रिणीचे पाय

या वेळी पोतडीतून एकच पत्र काढलंय. पण त्यात प्रश्न आहेत दोन, आणि दोन्ही चांगलेच वजनदार. पत्र आलंय काटोलच्या बाजूच्या एका खेड्यातून. लिहिणारी आठवीत आहे. तिचं नाव मुद्दामच छापत नाही, कारण पत्रात तिच्या मैत्रिणीच्या आजाराची गोष्ट आहे.

पहिला प्रश्न असा : ‘आमच्या विहिरीजवळ संत्र्याचं झाड होतं. कपडे वाळत घालायला त्याच्या बुंध्याला तार गुंडाळली होती. ती कुणी सोडलीच नाही. गेल्या साली त्या झाडाला बागेत सगळ्यात जास्त संत्री लागली, आणि गोडही होती. यंदा झाड वाळलं. आजोबा सारखे म्हणतात, पानी त बराबर देल्लं, मंग हे झाड वाळलं कावून?’

दुसरा प्रश्न : ‘माझ्या मैत्रिणीला सिकलसेल आहे. कधीकधी तिचे पाय इतके दुखतात की ती वर्गातच रडते. डॉक्टर म्हणाले, रक्त अडतं. रक्त अडतं म्हणजे काय होतं? मी तिला पाणी पाजलं तर चालेल का?’

वाचताना मला गंमत वाटली ती ही, की दोन्ही प्रश्न एकाच कागदावर आले. तिला माहीत नसेल, पण ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

आधी आजोबांचं झाड. आजोबांचं म्हणणं खरं आहे, पाण्याची काहीच चूक नव्हती. झाडात दोन वेगळ्या वाटा असतात. आतल्या लाकडातून पाणी आणि जमिनीतले क्षार वर चढतात, त्या जलवाहिन्या. आणि सालीच्या आतल्या अंगाला लागून पानांनी बनवलेली साखर खाली मुळांकडे, फळांकडे, कोवळ्या फुटव्यांकडे जाते, त्या रसवाहिन्या. तार आवळली ती सालीला. म्हणजे पाण्याचा रस्ता चालू राहिला, पण साखरेचा रस्ता बंद झाला! वरच्या पानांना काही कळलंच नाही. ती उन्हात बसून साखर करत राहिली. ती साखर खाली जाईना, तारेच्या वरच तुंबली. मग ती गेली कुठे? संत्र्यांत. म्हणून गेल्या साली फळं जास्त आणि गोड. इकडे मुळं मात्र उपाशी. साठवलेल्या अन्नावर त्यांनी दिवस काढले. ते संपल्यावर मुळं मेली. मुळंच नाहीत तर आळ्यात कितीही पाणी ओता, ते पिणार कोण?

तार नीट पाहिलीत तर तिच्या वरच्या बाजूला बुंधा फुगलेला दिसेल आणि खालची बाजू बारीक. इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगी या डॉक्टरनं १६७०च्या दशकात झाडांच्या सालीची गोल पट्टी काढून हाच फुगवटा पाहिला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडचे द्राक्षवाले या गोष्टीचा हुशारीनं उपयोग करतात बरं का! वेलीच्या सालीची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी काढतात, म्हणजे साखर घडांकडे वळते आणि मणी टपोरे होतात. पण ती पट्टी इतकी अरुंद असते की थोड्या आठवड्यांत जखम भरून येते. तार तशी भरून येत नाही. झाड जाड होत जातं आणि तार आणखी आत रुतते. संत्र्याच्या बागेत हेच काम डिंक्या रोग करतो. बुंध्याशी पाणी साचलं की तिथली साल कुजते, डिंक गळतो, आणि कुज बुंध्याभोवती फिरून पूर्ण झाली की झाड गेलं. म्हणून तर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावतात, आणि आळंही असं करतात की पाणी खोडाला शिवू नये. नागपूरला १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. डिंक्यापासून बाग कशी वाचवायची, हा तिथला एक मोठा विषय आहे.

बरं, पाणी वर चढतं कसं, हा प्रश्न राहिलाच. पंपानं हवा ओढून विहिरीतलं पाणी फार तर दहा मीटर वर आणता येतं, त्यापुढे नाही. आणि जंगलातला साग तर वीस-पंचवीस मीटर सहज असतो. त्याला ना पंप, ना हृदय! जगदीशचंद्र बसूंना वाटलं होतं की खोडातल्या जिवंत पेशी धडधडून पाणी वर ढकलतात. हे मत पुढे टिकलं नाही. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेलं उत्तर मात्र टिकलं. पानांवरच्या बारीक पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा कण गेला की तो खालच्याला ओढतो, तो त्याच्या खालच्याला, असं थेट मुळापर्यंत. दोरीनं बादली शेंदावी तसं, फक्त इथं दोरीही पाण्याचीच. आणि ज्या जलवाहिन्यांतून हे चालतं त्या पेशी चक्क मेलेल्या असतात, पोकळ नळ्या नुसत्या. रसवाहिन्यांच्या पेशी मात्र जिवंत लागतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा झाडाची मोठी पंचाईत होते. वाफ सोडली तर पान गार राहतं (तुमच्या घरच्या कूलरचं तत्त्व हेच), पण मुळाशी पाणी कमी असलं तर ती पाण्याची दोरी तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. म्हणून झाड दुपारी पर्णरंध्रं मिटून घेतं. मृग बहर धरणारे शेतकरी तर मे महिन्यात मुद्दामच पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. वाढ थांबते, फांद्यांत साखर साठते, आणि मृगाचा पाऊस आला की झाड फुलांनी लदबदून जातं. ताण किती द्यायचा हे मात्र अनुभवी माणसालाच कळतं. जास्त झाला तर झाडच बसतं.

आता मैत्रिणीकडे वळू. इंग्लंडच्या विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये लिहिलं की रक्त शरीरात गोल फिरतं, हृदयातून रोहिण्यांत जातं आणि नीलांमधून परत येतं. पण रोहिणीतलं रक्त नीलेत शिरतं कुठून, ते त्याला दिसेना. १६५७ साली तो वारला. १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसावर सूक्ष्मदर्शक धरून तो दुवा कुणी शोधला? त्याच माल्पिगीनं! केसाहूनही कितीतरी बारीक अशा त्या केशवाहिन्या.

त्यातल्या कित्येक इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशीला अंग चोरून, दुमडून जावं लागतं. पेशी मऊ असते म्हणून हे जमतं. सिकलसेलमध्ये जन्मापासूनच हिमोग्लोबिनमध्ये एक बारीकसा फरक असतो. त्याच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातलं फक्त एक बदललेलं. पण पेशीनं प्राणवायू देऊन टाकला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, आणि गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक बनते. असे विळे केशवाहिनीच्या तोंडाशी अडकतात. त्यांच्यामागे आणखी. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत भयंकर कळा येतात. तुझ्या मैत्रिणीचं रडणं खोटं नाही, कुणी तसं म्हटलं तर त्याला हे सांग. शिवाय या पेशी लवकर फुटतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीसच. म्हणून तिला थकवाही येतो.

आणि हो, पाणी जरूर पाज. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी आणखी कडक होतात, म्हणून उन्हाळ्यात तिच्याजवळ बाटली हवीच. भर उन्हात पी.टी.ला उभं करू नये, आणि थंड पाण्यात फार वेळ भिजूही नये, हे सरांना सांगायला तू तिच्याबरोबर जा. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर मात्र बाटलीवर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध देतात, त्यानं कळा कमी वेळा येतात. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधेच सोडायचं नसतं.

हा आजार शिवल्यानं, एका डब्यात जेवल्यानं होत नाही. तो आईवडील दोघांकडूनही तो बदल आला तरच होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो आणि बहुधा त्याला पत्ताही नसतो. विदर्भात असे वाहक बरेच आहेत. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या सुरू आहेत. १ जुलै २०२३ ला देशभराची मोहीमही निघाली. तपासणीवाले शाळेत आले तर पळू नका, सुई मुंगी चावल्याएवढीच असते.

राहता राहिलं आजोबांचं झाड. मुळंच मेलेली असतील तर ते काही परत येणार नाही. पण बाकीच्या झाडांच्या बुंध्याशी एक फेरी मार. कुठं तार, दोरी, पाटी अडकवायचा खिळा-पट्टा दिसला तर आजोबांना सांगून सोडव. एखाद्याची साल अर्धीच गेली असेल तर ते वाचू शकतं. शेजारी जंबेरीचं रोप लावून त्याचा शेंडा जखमेच्या वर सालीत बसवतात, मग झाडाला नवी मुळं मिळतात. हे काम कलमं बांधणाऱ्या माळ्याचं, आपण चाकू चालवायचा नाही.

आणि तुमच्यासाठी एक प्रयोग. पावसाळ्यात तेरडा उगवला की मुळासकट एक रोप उपटा, धुवा, आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात उभं करा. खोड जवळजवळ पारदर्शक असतं. दोन तासांनी काय दिसलं, आणि शाई कुठून चढली, मधून की सालीतून, ते मला लिहून पाठवा.