शून्य सावलीतलं पार्किंग

२६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच मुरते. खगोलप्रेमी त्याला शून्य सावली दिन म्हणतात. विदर्भातली मंडळी या दिवसांना नवतपा म्हणतात, आणि उन्हात लावलेल्या गाडीचं दार उघडणारा जे म्हणतो ते छापण्यासारखं नसतं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. हवामान खात्याचा हा आकडा सावलीतला असतो, पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. गाडीच्या नशिबी अशी पेटी नाही.

गाडी तापते ती पत्र्यामुळे, असा एक सार्वत्रिक समज आहे. २०१९च्या मेमध्ये अहमदाबादेतली शेणाने सारवलेली एक कोरोला समाजमाध्यमांवर गाजली, तेव्हा अनेकांनी माना डोलावल्या. शेणाचा थर उष्णता अडवतो, हे खोटं नाही. पण काचा सारवून गाडी चालवणार कशी? आणि उन्हाची मोठी वाट तीच. ते काचेतून सरळ आत येतं, काळ्या डॅशबोर्डला तव्यासारखं तापवतं आणि मग तो तवा कोंडलेली हवा भाजत बसतो. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काच सहजासहजी बाहेर सोडत नाही. रंगालाही थोडं श्रेय द्यायला हवं: अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने काळी आणि चंदेरी होंडा सिव्हिक शेजारी शेजारी तासभर उन्हात ठेवल्या, तेव्हा चंदेरी गाडीतली हवा ५-६ अंशांनी कमी तापली.

मग समोरच्या काचेला लावायचा तो चकचकीत पडदा? जपानमधल्या मोटारचालकांच्या ‘जाफ’ या संघटनेने २०१२च्या ऑगस्टमध्ये ३५ अंशांच्या दिवशी गाड्या ओळीने उभ्या केल्या. उघड्या पांढऱ्या गाडीचा डॅशबोर्ड ७४ अंशांवर गेला, पडदेवालीचा ५२वर थांबला. आतली हवा मात्र ५२ची जेमतेम ५० झाली. म्हणजे स्टिअरिंगला हात लावता येतो, एवढं काम पडदा चोख करतो. थंडाव्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. काचा बोटभर खाली ठेवण्याबाबत तर जाणकारांतच दुमत आहे. जपान्यांच्या चाचणीत त्याने बराच फरक पडला, तर २००५च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात जवळजवळ नाहीच. आपल्याकडे त्या फटीतून धूळ आत येते ती वेगळीच.

काळ्या फिल्मचा मोह मोठा, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२मध्येच तिला चाप लावला. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. बाजूच्या खिडक्यांचे जाळीदार पडदे गाडी उभी असताना खुशाल लावावेत, निघताना काढून ठेवावेत.

उरते ती सावली, आणि ती खरोखर कामाची. अॅरिझोनातल्या टेंपी गावी संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हातल्या गाड्यांच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी ४७ अंशांवर गेलं, सावलीतल्यांचं ३८वर राहिलं. डॅशबोर्ड ६९ आणि ४८. ५० अंशांपुढे नेऊ नका असं डिओच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि डबा पडलेला असतो नेमका डॅशबोर्डवर. त्याच अभ्यासाचा अंदाज असा की दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उन्हातल्या गाडीत तासाभरात जीवघेण्या पातळीला जातं, आणि सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या आत. ‘सावलीत लावली आहे, पाच मिनिटांत येतो’ या वाक्याला इथे जागा नाही.

पण सावली कुठली? सकाळी दहाला कामावर येणारा माणूस इमारतीच्या पश्चिमेला, दाट सावली बघून गाडी लावतो. दोन वाजता तीच बाजू भट्टी झालेली असते. पूर्वेला लावली तर सकाळचं कोवळं-निबर ऊन सोसावं लागतं, पण कलत्या दुपारी भिंत आड येते. मधल्या वेळी, सूर्य माथ्यावर असताना, भिंतीची सावली कुणाच्याच कामाची नाही. तेव्हा डोक्यावर काहीतरी आडवं लागतं. छत, नाहीतर झाड. पार्किंगच्या जागेत चौकोन आखून फरशी घालणाऱ्यांनी झाडासाठी एखादा चौकोन सोडला, असं क्वचितच दिसतं. जुन्या सरकारी आवारांत अजून कडुनिंब आहेत. त्यांच्याखालची जागा बहुधा साहेबांच्या गाडीला राखीव असते, आणि त्या गाडीत ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून एसीत पडलेला असतो.