जनुकांचा अर्थ आणि आपले केसपेपर

मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक रोगांची कोडी आता भराभर सुटतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. कारण जनुकांची अक्षरे वाचता आली, तरी रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही.

आपल्या तेलुगू मुलखातील वैश्य समाजाचे उदाहरण येथील डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. या समाजातील काही रुग्णांना भूल देताना सक्सिनिलकोलीन दिल्यास स्नायूंची शिथिलता तासन्‌तास टिकते. भूलतज्ज्ञांचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेत सापडलेला जनुकीय बदल यांची सांगड बसली, म्हणून आज शस्त्रक्रियेपूर्वीच सावध राहता येते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे. ब्रिटनमधील यूके बायोबँकेने सुमारे ५ लाख स्वयंसेवकांची जनुकीय माहिती त्यांच्या आरोग्यनोंदींशी जोडली आहे. पण नोंदणीच्या वेळी ते ४० ते ६९ वर्षांचे होते आणि त्यांतील बहुतेक युरोपीय वंशाचे आहेत. आपल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ती निरोगी प्रौढांची आहे. जन्मजात आजार घेऊन आपल्याकडे येणारे मूल या दोन्ही संग्रहांत नाही.

ते मूल आहे आपल्या केसपेपरात. परंतु आई-वडिलांचे रक्ताचे नाते, पूर्वी दगावलेली भावंडे, डोक्याचा घेर, वाढीचा आलेख यांची नोंद तेथे कितीदा सापडते? दोन ओळींच्या केसपेपराला कोणताही संगणक अर्थ देऊ शकणार नाही.

मात्र नोंदी एकत्र करताना विश्वास गमावता कामा नये. लहान समाजातील दुर्मिळ आजार असेल, तर नाव वगळले तरी गाव आणि जात यांवरून घर ओळखू येते, आणि त्याची झळ बहिणीच्या लग्नापर्यंत पोहोचते. शिवाय पालकांनी आज दिलेली संमती मुलाला जन्मभर बांधून ठेवू शकत नाही. ते १८ वर्षांचे झाल्यावर त्याला पुन्हा विचारलेच पाहिजे.

आनुवंशिक आजारांसाठी एकसारखा नोंदतक्ता आणि मातृभाषेतील सुबोध संमतिपत्र, एवढे तरी आपल्या संस्थेने तयार करावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही.