सागवानी जहाज, नासपतीची प्रतिकृती

‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडला ओकची चणचण भासू लागली होती. त्यामुळे जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती मलबारच्या सागात बांधली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे, आणि अजूनही तरंगते. शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करू पाहणाऱ्या मराठी कारागिराला याहून जवळचा विषय मिळणे कठीण.

आधी साल ठरवावे लागते. १८४५ मध्ये सुरू झालेल्या फेरबदलात जहाजाची सपाट पिछाडी लंबगोल झाली आणि ३८ तोफांच्या जागी २६ आल्या. दोन्ही काळांची सरमिसळ झाली, तर प्रतिकृती कितीही सुबक असली तरी खोटी ठरते. मग प्रमाण. तोफांचा डेक सुमारे ४६ मीटर लांब आहे. १:४८ या प्रमाणात तो ९५ सेंटिमीटर होतो, १:६४ मध्ये ७२. पुढे झेपावणारी तिरपी काठी धरली की लांबी बरीच वाढते, म्हणून घरासाठी १:६४ बरे.

लाकडाची निवड अनेकांना चकवते. मूळ जहाज सागाचे, म्हणून प्रतिकृतीही सागाचीच करावीशी वाटते. पण सागाचे रेषे लहान होत नाहीत. चार मिलिमीटरच्या पट्टीवर ते अवाढव्य दिसतात, शिवाय त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. बारीक, एकसारख्या पोताचे नासपतीचे लाकूड किंवा बॉक्सवूड या आकारात मूळ सागाशी अधिक प्रामाणिक राहते.

सांगाड्याच्या दोन रीती आहेत. खऱ्या जहाजाप्रमाणे एकेक फासळी जोडत जाणे ही अवघड रीत. तळकण्यावर प्लायवुडचे आडवे छेद उभे करून त्यांवर फळ्या मारणे ही सोपी. छेदांच्या कडा फळीच्या वळणाप्रमाणे तासून घेतल्या नाहीत, तर फळी फक्त एका धारेवर टेकते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.

खरी कसोटी फळ्यांची. जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेपाशी लहान असतो. फळ्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. म्हणून प्रत्येक फळी पुढे निमुळती करावी लागते, आणि मागे तळाशी जागा वाढते तिथे पाचरीसारखे तुकडे बसवावे लागतात. भिजवून उष्णता दिली की पट्टी सपाट बाजूने सहज वळते, पण धारेच्या दिशेने दाबली तर पीळ पडून उचलली जाते. तिथे जबरदस्ती करू नये. रुंद पट्टीतून तो वाक कापूनच काढावा. दोन्ही बाजूंच्या फळ्या आळीपाळीने लावल्या तर सांगाडा एकीकडे ओढला जात नाही. या टप्प्यावरची घाई पुढे रंगाने झाकत नाही.

डोलकाठ्यांना आधार देणारे दोर डांबरामुळे काळपट असत, तर शिडे हलवणारे दोर फिकट. हा फरक प्रतिकृतीतही ठेवायचा. जुन्या तक्त्यांत दोराचा व्यास नसून परीघ दिलेला असतो. परिघाला ३.१४ ने भागून मग प्रमाण लावायचे. १८ इंची नांगरदोर १:६४ मध्ये जेमतेम २.३ मिलिमीटर जाडीचा होतो. हे भागायचे राहिले तर सगळे दोर तिपटीहून जाड होतात. बांधणी मधून बाहेरच्या दिशेने करावी, कारण बाहेरचे दोर लागल्यावर आत हात पोचत नाही. शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांच्या गाठी मारताना उभे दोर आत खेचले जाणार नाहीत, इतकाच ताण द्यावा.

तोफा शिशाच्या नकोत. ओक आणि प्लायवुडमधून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा बंद पेटीत साचल्या की शिसे पांढरे पडून झिजते. तोफा पितळेच्या घ्याव्यात, काचपेटीला हवा खेळण्यापुरती फट ठेवावी आणि ती थेट उन्हापासून दूर असावी. उन्हाने सुती दोर कमजोर होतात आणि लाकडाचा रंग उडतो.