गोंडी शब्दाला कंस कशाला?

ग्लोरिया अँझाल्डुआ ही अमेरिकेतली मेक्सिकन वंशाची कवयित्री. तिच्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये (1987) इंग्रजी ओळीत सरळ स्पॅनिश शब्द येतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती अर्थही देत नाही. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर वाचताना मी अडखळले. तिला तेच हवं असणार!

त्याच वर्षी आपल्याकडे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ आला. 1990 मध्ये भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’. कवी गोंड, पुस्तक मराठी, आणि शीर्षक बिरसा मुंडांच्या बंडाचं, मुंडारी! कंसात अर्थ नाही.

आणि आपलं मासिक? हॉस्टेलमधली धानोऱ्याकडची पोरं रात्री घरी फोनवर गोंडीत बोलतात. कविता देताना मात्र गोंडी शब्द गाळतात. एखादा राहिलाच, तर संपादक मंडळ अर्थ मागतं. ‘टॉर्क’चा अर्थ कधी मागितलाय का हो?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली. एक गाव शाळा काढतं, आणि आपल्याला एक पान जड जातं!

सर-मॅडम, पुढच्या अंकात एक तरी गोंडी कविता छापा, देवनागरीतच, पण अर्थाशिवाय. ज्याला कळणार नाही त्याने शेजारच्या रूमवर जाऊन विचारावं.